स्वस्त बंदुकीचा सौदा

स्वस्त वस्तूची थट्टा करणे सोपे असते, कारण ती फसली तर होणारे नुकसान बहुधा थट्टेच्याच आवाक्यातले असते. पेठेत घासाघीस करून घेतलेली छत्री पहिल्याच वळिवात उलटली, तर मनुष्य भिजतो, दुकानदाराला चार शब्द ऐकवतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतो. बंदुकीच्या बाबतीत हा खेळीमेळीचा व्यवहार चालत नाही. नेम धरताना, जिथे दारू पेटायची ती नळीची बुडखाकडची बाजू डोळ्यापासून वीतभर अंतरावर असते आणि डावा पंजा त्याच नळीखाली असतो. तेव्हा कारागिराने लोखंडात जे चोरले किंवा व्यापाऱ्याने झिलईखाली जे झाकले, त्याचा हिशेब दुकानात होत नाही, तो खरेदीदाराच्या तोंडासमोर आणि एका क्षणात होतो. असे असूनही जगात आजवर बंदुकांची जी अफाट खरेदी झाली, तिचा फार मोठा भाग स्वस्त बंदुकांचाच आहे. कारण बंदुकीचे गिऱ्हाईक एकतर तुटपुंज्या उत्पन्नाचा शेतकरी असतो, नाहीतर लाखांनी खरेदी करणारे सरकार असते, आणि या दोघांनाही, निरनिराळ्या कारणांनी का होईना, पैसा मोजून खर्चावा लागतो.

मी स्वतः शिकारी नाही. आजोळी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एक बंदूक होती, आणि पुढे इतिहासाच्या वाचनात पलटणी, कंपू नि शिलेखाने यांच्या हकिकतींतून तोच प्रश्न वरचेवर भेटत गेला, एवढीच माझी या विषयातली मिरास. प्रश्न असा की, किंमत उतरवायची तर कात्री लावावी कुठे?

बंदुकीच्या किमतीचे दोन भाग असतात. एक डोळ्यांना दिसणारा आणि दुसरा न दिसणारा, आणि दुर्दैव असे की गिऱ्हाईक सहसा पहिल्याचेच मोल करते. संस्थानिकांच्या शिलेखान्यांतून संग्रहालयांत येऊन पडलेल्या तोड्याच्या बंदुका पाहाव्यात. पोलादावर बारीक रेघांची जाळी खरवडून तिच्यावर सोन्याची तार ठोकून बसवण्याची जी कोफ्तगिरी, तिने काही नळ्या बुडापासून तोंडापर्यंत मढवलेल्या असतात, आणि तीच नळी आतून कशी आहे हे मात्र काचेच्या पेटीबाहेर उभे राहून कोणालाच सांगता येत नाही. वास्तविक बंदुकीचे आयुष्य या अदृश्य भागातच असते. घोडा अर्ध्यावर चढवल्यावर तो ज्या खाचेत अडकून राहतो, ती खाच मऊ लोखंडाची असली तर दोन-चार पावसाळ्यांत तिची धार जाते, आणि मग बांधावरून उडी मारताना घोडा आपसूक पडतो. चकमकीच्या बंदुकीत गार ज्या पोलादी पट्टीवर आपटते, तिला पुरेसे पाणी दिलेले नसेल तर ऐनवेळी ठिणगीच पडत नाही. कुंद्याच्या मानेशी लाकडाचा रेषा मानेच्या वळणाबरोबर वळला पाहिजे. स्वस्त फळीतून कापलेल्या कुंद्यात तो आडवा जातो, आणि चार-दोन वर्षांच्या धक्क्यांनी मान तिथेच तडकते. यांतली एकही गोष्ट दुकानाच्या फडताळात टांगलेल्या बंदुकीकडे पाहून कळत नाही.

या अदृश्य भागात चोरी केली म्हणजे काय होते, याचा सर्वांत लाजिरवाणा दाखला अठराव्या शतकातल्या बर्मिंगहॅमने घालून दिला आहे. त्या काळी नळी करायची म्हणजे लोखंडाची चपटी पट्टी तापवून गजाभोवती वळवायची आणि तिच्या कडा घणाने ठोकून एकजीव करायच्या. तेव्हा पट्टीचे लोखंड कसले आणि सांधा कसा बसला, यावर सारे अवलंबून असे. लोखंडाच्या चढत्या-उतरत्या प्रती होत्या, आणि अगदी तळाच्या प्रतीला तिथल्या कारागिरांनीच ‘शॅम डॅम’ असे निम्मे शिवीचे नाव ठेवले होते. असल्या हलक्या मालाच्या बंदुका जहाजांनी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जात आणि तिथे गुलाम म्हणून पकडलेल्या माणसांच्या मोबदल्यात दिल्या जात. लॉर्ड शेल्बर्न या इंग्रज मुत्सद्द्याने १७६६ च्या सुमारास या धंद्याविषयी लिहून ठेवले आहे, त्याचा आशय असा की, यांतल्या निम्म्याहून अधिक बंदुका पहिला बार काढणाऱ्याच्याच हातात फुटायच्या. हा आकडा कोणी मोजून काढलेला नसावा, आणि संतापाच्या भरात अंदाज फुगतोही. पण अशी बंदूक करणाऱ्याची हिंमत कशावर चालत होती हे त्यावरून उमगते. ज्याच्या हातात ती फुटणार तो हजारो मैलांवर होता, त्याची तक्रार परतीच्या गलबताने येण्याचा संभव नव्हता, आणि तोच कारागीर जवळच्या गिऱ्हाइकासाठी करीत असलेली बंदूक मात्र निर्वेध असे. म्हणजे कौशल्याचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो जाब विचारणाऱ्याचा.

हा जाब विचारण्याची तजवीज लंडनात फार आधीपासून होती, कारण तिथल्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्येच सनद मिळाली होती आणि नळीची कसोटी घेऊन तिच्यावर मुद्रा उठवण्याचा प्रघात तिथे रुळला होता. बर्मिंगहॅमला स्वतःचे कसोटीघर मिळाले ते १८१३ च्या कायद्याने. या घरातले काम मोठे रांगडे असे. जाड भिंतींच्या कोठडीत नळ्या रांगेने मांडून, त्यांच्यात नेहमीच्यापेक्षा पुष्कळ अधिक दारू ठासून, त्यांच्या कानांजवळून रंजकेची एकच ओळ ओढीत, आणि दारे-झडपा बंद करून ती ओळ बाहेरून पेटवीत. मग धूर निवळल्यावर आत जाऊन, ज्या नळ्या शाबूत राहिल्या त्यांच्यावर शिक्का मारीत. या व्यवस्थेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिची निर्दय समता. सरदाराच्या शिकारी बंदुकीची नळी असो की कुळंब्याच्या ओबडधोबड बंदुकीची, तोंडाचा व्यास एक असला की दारूही एकाच मापाची पडे, आणि सोन्याच्या नक्षीमुळे त्यात एक मासाही कमी होत नसे. कसोटीला लागणारा खर्च बंदुकीच्या एकंदर किमतीत अगदी किरकोळ असतो. म्हणूनच ज्या स्वस्त बंदुकीत झिलई, नक्षी, चांगले लाकूड, चापाचा मऊपणा हे सारे छाटूनही कसोटी राखलेली असते, तिला मी प्रामाणिक स्वस्त म्हणेन, आणि जिच्यात झिलई राखून कसोटी छाटलेली असते, तिची किंमत कितीही असो, तिला चोरीचा माल समजेन.

प्रामाणिक स्वस्ताईचा उत्तम नमुना, चमत्कारिक योगायोगाने, आपल्याच मुलखाच्या नावाने ओळखला जातो. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या शिपायांसाठी हजारोंनी बंदुका लागत, आणि कंपनी झाली तरी व्यापाऱ्यांचीच. तेव्हा इंग्रज पायदळाची जी प्रचलित बंदूक होती तिच्यात १७७० नंतरच्या काळात तिने आपल्या सोयीची काटछाट केली. ४२ इंचांची नळी ३९ इंचांवर आणली, गज अडकवायच्या पितळी नळकांड्या चाराच्या तीन केल्या, कुंद्यावरची नावाची पितळी टिकली काढून टाकली आणि लाकूड जरा हलक्या प्रतीचे चालवून घेतले. परंतु नळीवर तपासनिसाची नजर कायम ठेवली, कारण बंदूक फुटली तर कवायत करून तयार केलेला शिपाई वाया जातो, हे गणित व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. या बंदुकीला ‘इंडिया पॅटर्न’ म्हणत. लंडनच्या सैनिकी खात्याने आरंभी तिच्याकडे नाक मुरडले असेल. पण क्रांतिकारक फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर बंदुकांची इतकी टंचाई पडली की, त्याच खात्याने कंपनीचा साठा उचलला आणि १७९७ मध्ये हाच नमुना राजाच्या फौजेसाठीही पत्करला. पुढे वॉटर्लूच्या रणात इंग्रज शिपायांच्या खांद्यावर बहुतांशी हीच काटकसरीची बंदूक होती. तीन इंच नळी कमी झाली म्हणून त्या काळच्या लढाईत काही बिघडले नाही. पन्नास-शंभर पावलांवरून फळीने फळीवर बार काढायचे, तिथे नेमाच्या सूक्ष्मतेला वावच कुठे होता? जी गोष्ट कामाचीच नव्हती तीवरचा खर्च कापला गेला, इतकेच.

तेच शहाणपण त्याच सुमारास महादजी शिंद्यांच्या पदरीही आढळते, आणि मराठी वाचकाने ते विसरू नये. द बॉइन्या या युरोपीय सेनानीने त्यांच्यासाठी कवायती कंपू उभे केले, तेव्हा आग्र्यास सँग्स्टर नावाचा एक स्कॉट गृहस्थ तोफा ओतण्याच्या आणि बंदुका घडवण्याच्या कारखान्यावर होता. त्याच्या हाताखाली तयार होणारी बंदूक विलायती बंदुकीच्या तोडीची असून अवघ्या दहा रुपयांत पडे, असे इंग्रज इतिहासकारांनीच नमूद केले आहे. दहा रुपये हा आकडा वाचून आज आपल्याला गंमत वाटते. मला मात्र त्यामागची व्यवस्था अधिक मोलाची वाटते. पेशवाईतल्या अनेक सरदारांनी परक्या व्यापाऱ्यांकडून पडेल त्या भावाने, मिळेल तो माल घेतला, आणि विकणाऱ्याने आपल्या उपयोगाचे राहिले नाही तेच गळ्यात मारावे ही जगाची रीतच आहे. महादजींनी कारखाना आपल्या नजरेच्या टापूत ठेवला. माल करणारा, तो तपासणारा आणि तो वापरणारा हे तिघे एकाच छावणीचे अन्न खात असले की, बाजारातली पुष्कळशी लबाडी आपोआप बंद पडते. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांतून द बॉइन्याच्या कवायतीला मिळणाऱ्या पानांपैकी एखादे पान या सँग्स्टरला मिळाले असते, तर बरे झाले असते.

परंतु सरकारी काटकसरीला शहाणपणाची मर्यादा नेहमीच कळते असे नाही. १९४० साली डंकर्कहून इंग्रज फौज जीव वाचवून परतली, ती आपली बहुतेक अवजड सामग्री फ्रान्समध्ये टाकून. पुढे शत्रूची स्वारी अटळ दिसत होती, आणि अमेरिकेहून येणाऱ्या टॉमी गनला तर नगास सुमारे २०० डॉलर पडत. अशा घाईत १९४१ मध्ये शेपर्ड आणि टर्पिन या दोघांनी आखलेली स्टेनगन पुढे आली. ठोकून आकार दिलेला पत्रा, साधी पोलादी नळकांडी, जोडकामाचे डाग जसेच्या तसे उघडे. किंमत दोन-तीन पौंडांच्या घरात, आणि तिचा एक प्रकार तर चक्क मुलांची खेळणी करणाऱ्या एका कंपनीने लाखांनी काढला. युद्ध संपेपर्यंत सुमारे चाळीस लाख स्टेनगना तयार झाल्या. स्वातंत्र्यानंतर कैक वर्षे आपल्या पोलिसांच्या हातातही तीच होती, म्हणून मराठी वर्तमानपत्रांत दीर्घकाळ कोणत्याही पहारेकऱ्याची बंदूक ‘स्टेनगन’च असे.

तिची रूपहीनता मला बाधक वाटत नाही. तिचा खरा दोष तिच्या गोळ्यांच्या पेटीत होता. या पेटीत गोळ्या दोन ओळींनी बसत आणि वर येताना एका ओळीत घुसत. ती वळणे पत्र्याच्या ज्या दोन ओठांवर अवलंबून, ते ओठ जरासे दबले, किंवा आत थोडी माती गेली, की गोळी तिरपी होऊन बसे. पेटी ३२ गोळ्यांची असली तरी अनुभवी शिपाई तीत दोन-चार कमीच भरीत. आणि बाजूला आडव्या निघालेल्या त्या पेटीलाच मूठ समजून धरण्याचा मोह आवरला नाही, तर तिची बैठक सैल होऊन बंदूक हमखास अडे. शिवाय भरलेली स्टेन हातातून जमिनीवर आपटली तर आतला खटका उसळून आपोआप बार निघे, तो कोणाच्या अंगात शिरेल याचा नेम नसे. प्राग शहरात २७ मे १९४२ रोजी हायड्रिख या नाझी अधिकाऱ्याची मोटार वळणावर मंदावली, तेव्हा तिच्यासमोर उडी घेऊन उभ्या ठाकलेल्या, त्याच्या वधासाठी आलेल्या योझेफ गाबचिकच्या हातात स्टेनच होती, आणि ती त्या क्षणी चाललीच नाही. सोबत्याने बाँब फेकला म्हणून पुढचा इतिहास घडला. एका बंदुकीमागे जे पैसे वाचले, ते अशा क्षणी कोणत्या रकान्यात मांडायचे, हे कोणत्याही जमाखर्चनिसाला सांगता येणार नाही. आणि तरीही त्या वर्षी इंग्लंडने महागड्या बंदुकांची वाट पाहत बसायला हवे होते, असे म्हणणेही शहाणपणाचे होणार नाही. चाळीस लाख अडखळणाऱ्या बंदुका आणि दोन-चार लाख निर्दोष बंदुका यांतून निवड करायची पाळी आली, तर मीही बहुधा पहिलीच बाजू घेईन. फक्त ती ज्याच्या हाती द्यायची, त्याच्यापाशी तिचा दोष झाकणार नाही.

याच युद्धातली एक हकिकत इथे आठवते. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले. त्यांच्या हातात टॉमी गन होती, तिच्यातल्या गोळ्या संपल्या, नवी पेटी बसवायला उसंत नव्हती, तेव्हा त्यांनी ती नळीकडून धरून सोट्यासारखी चालवली आणि उरलेल्या दोघांना संपवले. ते तिथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टॉमी गनचा तो जाडजूड लाकडी दस्ता आणि तासून काढलेले भरीव पोलाद यांवरच हिशेबनिसांचा सर्वांत मोठा आक्षेप होता. उद्या कोणत्या प्रसंगी कशाचा उपयोग होईल हे कागदावर ठरवता येत नाही, इतकाच याचा बोध घ्यावा. कारण उलट, त्या वजनाने थकलेल्या शिपायांच्या शिव्याही तितक्याच खऱ्या होत्या.

आजोळच्या बंदुकीचा सौदा मी समक्ष पाहिला. सत्तरच्या दशकाची अखेर होती. केळीच्या आगरात माकडे आणि भातात रानडुकरे असा दुहेरी उपद्रव चालला होता, ठासणीची जुनी बंदूक मोडीत निघाली होती, आणि मामा जिल्ह्याच्या गावी परवाना नि पैसे घेऊन गेले होते. दुकानात दोन बंदुका त्यांच्या ऐपतीत बसत होत्या. एक विलायती दुनळी, कोण्या इनामदाराच्या घरातून आलेली, पाखरांची नक्षी कोरलेली, अक्रोडाचा कुंदा हातात लोण्यासारखा. दुसरी नवी देशी एकनळी, चाप इतका ताठ की बोट दुखावे, लाकूड कसलेसे, रंग लावून चकाकवलेले. मामांचा हात साहजिकच दुनळीकडे गेला. दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने ती त्यांच्याकडून घेतली, नळ्या सोडवल्या, एका बोटावर तोलून धरल्या आणि नखाने टिचकी मारली. घंटेसारखा नाद यायला हवा होता, तो बद्द आला. मधल्या पट्टीचे डाक सुटले होते. मग बंदूक पुन्हा जोडून, नळ्यांचे बूड जिथे टेकते तिथे त्याने सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद ठेवून ती मिटली आणि कागद ओढला. तो सहज निघून आला, म्हणजे तिथे फट पडली होती. “तात्यानू, नकशी बघू नकात, उजेड बघा,” असे म्हणून त्याने एकनळी खिडकीकडे रोखून मामांच्या हाती दिली. खिडकीच्या गजाची सावली नळीच्या आत काळ्या रेघेसारखी पडली होती आणि ती शेवटपर्यंत कुठेही मोडत नव्हती, याचा अर्थ नळी सरळ होती. आत खड्डे नव्हते, पोचे नव्हते, आणि बुडाशी कसोटीची मुद्रा स्वच्छ उठली होती. “दस्तो फुटतलो,” हेही त्याने मोकळेपणी सांगून टाकले. दस्तो पाचएक वर्षांनी फुटलाच. चापाच्या ताठपणामुळे मामांचा नेम आयुष्यभर खाली गेला, आणि रानडुकरांनी त्याबद्दल त्यांचे आभारच मानले असतील.

नाहीतरी नेमाला तिथे फारसे काम उरले नव्हते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर डुकरावर बार टाकायचा तर वनखात्याची परवानगी लागे, त्यामुळे बंदुकीचे नित्याचे काम म्हणजे तिन्हीसांजेला आगराच्या कडेने एक पोकळ बार काढणे. नुसता आवाजच करायचा तर कसलीही बंदूक चालेल, असे आमच्यातले काही जण म्हणत. पण नळी फुटायची ती आवाज करतानाच फुटते, एवढे त्यांच्या लक्षात येत नसे. शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ ठासणीची बंदूक रात्री भरून ठेवीत आणि सकाळी ते विसरून पुन्हा भरीत. त्यांचा अंगठा गेला, आणि दोष मात्र बंदुकीच्या स्वस्तपणावर ढकलला गेला.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांची आयात सामान्य नागरिकाला बंद झाली, आणि स्वस्त-महागाचा सारा विवेकच उलटापालटा झाला. ज्या दुनळीचा नाद बद्द येत होता, तशा दुनळ्यांना केवळ विलायती म्हणून भरमसाट भाव आला. आणि परवान्याच्या खटपटीला कंटाळलेले काही जण, ज्याला ना मुद्रा ना करणाऱ्याचे नाव, अशा गावठी कट्ट्याच्या वाटेला गेले, त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत वेळोवेळी वाचायला मिळते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक तयार करायला किंवा दुरुस्त करायला लागतो, तसाच तिची कसोटी घेण्यालाही परवाना लागतो. कायदा करणाऱ्यांना या गोष्टीचे महत्त्व कळत होते, यात शंका नाही. पण शेतकऱ्याच्या घरातली चाळीस वर्षांची बंदूक पुन्हा कसोटीला लावण्याची सोय त्याच्या आसपास कुठेच नाही. निवडणूक आली की मामा ती ठाण्यात जमा करीत, परवान्याच्या नूतनीकरणाला ती कचेरीत नेऊन दाखवीत. कारकून नळीवरचा नंबर दप्तरातल्या नंबराशी ताडून पाही, जुळला की ‘बंदूक तपासली’ असा शेरा मारी, आणि ती मोडून एकदा उजेडाकडे धरावी असे इतक्या वर्षांत कोणाच्याही मनात आले नाही.